सातवी संपली म्हणून लगेच लातूर कशाला?

प्रश्न: माझा मुलगा औसा तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीला आहे. वर्गात पहिला असतो. आठवीपासूनच त्याला लातूरला होस्टेलवर ठेवून नीटचा (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा) फाउंडेशन क्लास लावायचं आम्ही ठरवलं आहे. फी, राहणं, जेवण धरून दीड लाखाच्या वर जातंय. घरातलं सोनं ठेवून सोय करू. चार किलोमीटरवर संस्थेचं अनुदानित हायस्कूल आहे, पण तिथे राहिला तर मागे पडेल. दिवाळीपासून अभ्यासाला बसवलं की पोट दुखतं म्हणतो. डॉक्टरांना दाखवलं, सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. नाटक करतो की काय कळत नाही. सीबीएसई घ्यावं की स्टेट बोर्ड सेमी? क्लास कोणता चांगला? ॲडव्हान्स महिनाअखेर भरायचा आहे. – एक पालक

उत्तर:

नमस्कार. क्लासचं नाव मी सुचवणार नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पोटदुखीचं वाक्य, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलं आहे.

सोनोग्राफीत काही निघालं नाही म्हणजे दुखत नाही, असं नसतं. या वयाच्या मुलांना भीती वाटते हे सांगता येत नाही, विशेषतः वडिलांना. मग पोट दुखतं, डोकं दुखतं, सकाळी मळमळतं. ते दुखणं खरं असतं. त्याला नाटक म्हणू नका. त्याच्यासमोर तर अजिबात नको. एक आठवून बघा: लातूरचा विषय तुमच्या घरात पहिल्यांदा कधी निघाला? मला वाटतं, दिवाळीच्याच आसपास, पाहुणे जमले असताना. रविवारी दुपारी क्रिकेट खेळताना त्याचं पोट दुखतं का? रात्री झोपेतून दुखून उठतो का? वजन घटलंय, उलट्या होतात, झोपमोड होते असं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे पुन्हा जा. तसं काही नसेल आणि फक्त पुस्तक उघडल्यावर दुखत असेल, तर होस्टेलवर पाठवून ते थांबणार नाही. तिथे रात्री दुखायला लागलं तर जवळ बसायला आई नसेल. आणि बोलायला माणूस हवा असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन मोफत लागतो. मुलासाठी तुम्हीही करू शकता.

दुसरी गोष्ट. पत्रात ‘आम्ही ठरवलं’ आहे, ‘सोय करू’ आहे, पण मुलाला काय वाटतं याची एक ओळ नाही. डॉक्टर व्हायचं त्याच्या मनात आहे का, त्याने लातूर पाहिलंय का, यातलं काहीच नाही. सोनं ठेवायचं चाललंय हे मात्र त्याला नक्की माहीत असणार. घरात दबक्या आवाजात झालेलं बोलणं मुलांना बरोबर ऐकू येतं. आईच्या पाटल्या आपल्यासाठी गेल्या आणि आपल्याला गणित जमलं नाही तर काय, हा हिशोब बारा-तेरा वर्षांचं पोर करत बसतं. तुम्ही प्रेमापोटी करताय याबद्दल मला शंका नाही. तरी हे ओझं आहे, आणि ते तुम्हीच उतरवू शकता.

आता ज्या समजुतीवर हा सगळा बेत उभा आहे, ती. ‘आठवीपासून नीटची तयारी केली नाही तर उशीर होतो’ हे तुम्हाला क्लासच्या माहितीपत्रकाने सांगितलं आहे. नीटचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीचा आहे. आठवीतल्या मुलाला त्यातलं थोडं थोडं भरवलं, तर तो सूत्रं पाठ करतो आणि दहावीपर्यंत कंटाळून जातो. मुलाला या वयात कशाची गरज आहे? बीजगणितात अक्षर कशासाठी वापरतात ते कळण्याची, धडा स्वतः वाचून चार वाक्यांत सांगता येण्याची, भरपूर खेळण्याची आणि पुरेशा झोपेची. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तुमच्या मुलाला जे आठवीत घ्यायला तयार आहेत, त्यांना हे विचारा आणि काय उत्तर देतात ते ऐका. लातूर कुठे पळून जात नाही. मुलाची इच्छा असेल तर दहावीनंतर पाठवा. तेव्हा तो सोळाचा झालेला असेल.

आणि आठवी हाच त्याच्यासाठी मोठा बदल आहे. आजवर गुरुजी त्याला नावाने ओळखत, घर ओळखत. हायस्कूलमध्ये दर तासाला नवे सर, मोठा वर्ग, चार गावांची मुलं, आणि पहिला नंबर आपलाच येईल याची खात्री नाही. पहिल्या चाचणीत सातवा-आठवा आला तर घरात त्यावर चर्चा नको. माझं स्पष्ट मत: चार किलोमीटरवरच्या हायस्कूलमध्येच घाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा त्याला घेऊन जा, वर्गशिक्षक कोण असतील ते विचारा, गणिताच्या सरांना भेटा. गावातली आणखी कोण मुलं जाणार आहेत ते बघा, म्हणजे सायकलवर सोबत होईल.

बोर्डाचं थोडक्यात: सीबीएसईसाठी त्याला हलवू नका. नीटचा पेपर मराठीतही देता येतो, त्यामुळे माध्यमाचा बाऊ नको. तरी पुढे अकरावी सायन्स बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच शिकवतात, म्हणून सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, घ्यायला हरकत नाही. मात्र सुट्टीत थोडी तयारी करा. आठवीच्या गणिताची मराठी आणि इंग्रजी दोन्ही पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतात. पहिलाच धडा परिमेय आणि अपरिमेय संख्यांचा आहे. तोच धडा इंग्रजीत ‘रॅशनल अँड इर्रॅशनल नंबर्स’ म्हणून समोर आला की हुशार मुलंही गडबडतात, गणित येत असूनही. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी शब्द, रोज पाच. एवढं पुरे. हिंदी संपूर्ण की हिंदी-संस्कृत संयुक्त, हेही शाळा विचारेल. ‘संस्कृतला मार्क पडतात’ म्हणून तुम्ही ठरवू नका, त्याला निवडू द्या.

आठवीत एनएमएमएस या सरकारी शिष्यवृत्तीची परीक्षा असते. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीला ५५ टक्के असतील तर बसता येतं. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या मुलांनाच ती आहे. खासगी निवासी शाळेत घातलंत तर हा हक्क जातो. नववीला केंद्र सरकारच्या नवोदय विद्यालयाच्या रिकाम्या जागांसाठी परीक्षा होते, पण तीही निवासी शाळा आहे, तेव्हा आधी पोटदुखी थांबू द्या. आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे आणि पुनर्परीक्षेतही नापास झाला तर मूल त्याच वर्गात राहतं. तुमच्या मुलाबाबत ही काळजी करायचं कारण नाही.

दाखला काढण्याआधी शाळेतल्या जनरल रजिस्टरमधलं त्याचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि जात आधार कार्डाशी ताडून बघा. चूक असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या, नंतर फार हेलपाटे पडतात.

ॲडव्हान्स भरू नका. आधीच काही रक्कम दिली असेल तर लेखी अर्ज करून परत मागा. आणि लातूरचा बेत रद्द झाला हे मुलाला आजच सांगा, दोघांनी मिळून, आई समोर असताना.