बॅक्टेरिया लांब होतो, मग जाड काहून नाही होत?

प्रश्न : सोयाबीन पेरायच्या आधी आम्ही बियाण्याले रायझोबियम (बॅक्टेरियाचं खत) लावतो. पोरगी बीएस्सीले हाय, तिनं कॉलेजात मायक्रोस्कोपखाली बॅक्टेरिया पाहिले, म्हणे बारक्या काड्यावानी दिसतात, लांब होतात अन् मधातून तुटून दोन होतात. मंग ते लांबच काहून होतात जी, जाड काहून नाही होत?
— एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, प्रश्न भारी आहे, शास्त्रज्ञांनाही याचं नीट उत्तर २०११ च्या आसपासच सापडायला लागलं.

आधी भिंतीचं बघू. बॅक्टेरियाच्या आत पाण्याचा जबरदस्त दाब असतो, मातीतल्या बॅसिलस सबटिलिसमध्ये तर हवेच्या दाबाच्या वीसेक पट असेल असा अंदाज आहे, आणि हा दाब झेलते ती बाहेरची भिंत, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या अन् त्यांना आडवे जोडणारे प्रोटीनचे छोटे तुकडे, असं सलग जाळं. त्याचं नाव पेप्टिडोग्लायकन. काडीचा आकार या जाळ्यातच आहे. आपल्या डोळ्यातल्या पाण्यात लायसोझाइम असतं, त्यानं हे जाळं विरघळवलं की काडीचा गोळा होतो, अन् साध्या पाण्यात असला तर फुटतोच.

आता वाढायचं म्हणजे तेच जाळं जागोजागी कापायचं आणि त्यात नवीन साखळी बसवायची, तेही आतून दाब चालू असताना. आतड्यातला ई. कोलाय नावाचा बॅक्टेरिया चांगलं खायला मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट होतो, एवढ्या वेळात हे सगळं. बांधकाम करणारी एन्झाइम (पेशीतली कामं घडवणारी प्रोटीन) आणि एमआरईबी नावाच्या प्रोटीनच्या बारीक दोऱ्या मिळून काडीच्या घेराभोवती गोल फिरत नवीन साखळ्या टाकत जातात. बुरूड ढोली विणतो तेव्हा पट्टी गोल गोल फिरवतो अन् ढोली उंच होत जाते, घेर तेवढाच राहतो, तसंच. आधी वाटायचं की एमआरईबी म्हणजे आत बसवलेली लांब स्प्रिंग आहे, पण २०११ मध्ये वेगवेगळ्या टीमनी पाहिलं की त्याचे सुटे तुकडे आडवे पळतात, आणि भिंत बांधणं थांबवणारं औषध टाकलं की पळणंही थांबतं, म्हणजे बांधकामच त्यांना ओढतं!

मेसिलिनम नावाचं औषध ई. कोलायमध्ये लांबी वाढवणारं एन्झाइम अडवतं, मग काडी चक्क गोल होते. पेनिसिलिनही भिंतीवरच घाव घालतं, आडवे जोड बसू देत नाही, कापणारी एन्झाइम मात्र आपलं काम करतच राहतात, अन् शेवटी भिंत फाटते. म्हशीच्या कासेला दगडी (कासेची सूज) झाली की डॉक्टर या जातीचं औषध देतात तेव्हा म्हशीच्या पेशींना त्याचा त्रास नाही, कारण त्यांना अशी भिंतच नसते (अॅलर्जी ही वेगळी गोष्ट).

पण तुमच्या रायझोबियमचं घराणं वेगळंच निघालं बाप्पा. त्यातल्या बऱ्याच जणांकडे एमआरईबी नाहीच, तरी काडीच! ते सगळ्या अंगानं न वाढता एका टोकाकडून वाढतात, नवी भिंत त्या टोकालाच. टीबीचा जंतूही टोकांकडूनच वाढतो, फक्त त्याची यंत्रणा निराळी.

पोरीला म्हणा, घरच्या दह्याचा पातळ थर काचेवर देऊन ग्राम स्टेन (बॅक्टेरिया रंगवायची पद्धत) कर अन् ऑइलवाल्या लेन्सखाली बघ. जांभळ्या काड्याही दिसतील अन् गोल मण्यांच्या माळाही, गोलवाल्यांकडे एमआरईबी सहसा नसतं.