हनोईला या, पण तेतच्या तोंडावर नको

नमस्कार. नोकरीसाठी जानेवारीच्या अखेरीस बायको-मुलाला घेऊन हनोईला राहायला आलो तर तेतही बघून होईल, तोच मुहूर्त धरावा का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय शाकाहारी घराला इथले सण झेपतील का, हेही. इथे संसार थाटलेली बाई म्हणून स्पष्ट सांगते, त्या मुहूर्तावर येऊ नका.

तेत म्हणजे व्हिएतनामी नववर्ष. 2027 मध्ये ते 6 फेब्रुवारीला आहे. त्याआधीच्या आठवड्यात घरमालक, एजंट, वायरमन, कुणीच हाताला लागत नाही. कामासाठी शहरात आलेली माणसं गावी निघतात, रेल्वेची तिकिटं कधीच संपलेली असतात, आणि पहिले दोन-तीन दिवस बरीचशी दुकानं बंद. अशा वेळी लहान मुलाला घेऊन रिकाम्या फ्लॅटमध्ये उतरणं म्हणजे हाल. नोव्हेंबरमध्ये या. तेतपर्यंत ऑफिसात ओळखी होतील आणि कुणीतरी घरी बोलावेल. तेत खरा घरातच असतो. मध्यरात्री सरकारी आतषबाजी होते तेवढीच. घरोघरच्या आवाजी फटाक्यांवर 1995 पासून बंदी आहे.

घरात काय असतं? पूर्वज. इथला जवळजवळ प्रत्येक सण शेवटी त्यांच्यापाशी येतो, आणि एवढं कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. बहुतेक घरांत पूर्वजांचा देव्हारा असतो, त्यावर फोटो, उदबत्त्या, पाच फळं. बाराव्या चांद्र महिन्याच्या 23 तारखेला चुलीचे देव वर्षभराचा अहवाल घेऊन कार्प माशावर बसून स्वर्गात जातात, म्हणून लोक तळ्यात जिवंत मासे सोडतात. 2027 मध्ये ती तारीख 30 जानेवारीला येते. तेव्हा हनोईत असलात तर मुलाला हो ताय तळ्यावर जरूर न्या. वर्षाच्या शेवटच्या दिवशी पूर्वजांना जेवायला घरी बोलावतात आणि काही दिवसांनी रीतसर निरोप देतात. आपल्याकडे तिथीने श्राद्ध करतात तसं इथेही मृत्यूची चांद्र तारीख पाळतात. फक्त इथे त्या दिवशी नातेवाइकांनी घर भरतं आणि हसतखेळत पंगत उठते. मला हे फार भावतं.

तेतचा पदार्थ बान्ह चुंग. चिकट तांदूळ, मध्ये मूगडाळ आणि डुकराचं मांस, हिरव्या पानांत चौकोनी बांधून मोठ्या पातेल्यात रात्रभर उकळायचं. घरातलं कुणीतरी पाणी घालायला जागं राहतं आणि मुलंही चुलीभोवती पेंगत बसतात. मांसाशिवायचा बान्ह चुंगही मिळतो, आधी सांगून ठेवा.

शाकाहाराची काळजी थोडी आहेच, कारण भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो. पण चांद्र महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला अनेक बौद्ध कुटुंबं स्वतःच शाकाहार करतात, आणि ‘कोम चाय’ (शाकाहारी जेवण) अशी पाटी दिसली की बिनधास्त आत शिरा. बोलावणं आलं तर ‘आन चाय’, म्हणजे शाकाहारी खातो, एवढं सांगा, कुणालाही नवल वाटत नाही.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. पहिल्या दिवशी सकाळी बोलावल्याशिवाय कुणाच्या घरी जाऊ नका. वर्षात उंबरठा ओलांडणारा पहिला माणूस त्या घराचं वर्ष ठरवतो अशी श्रद्धा आहे, आणि तो कोण हे बहुतेकांनी आधीच ठरवलेलं असतं. त्या दिवशी केरही काढत नाहीत. मुलांसाठी लाल पाकिटं आणि कोऱ्या नोटा जवळ ठेवा. इमारतीच्या वॉचमनला आणि सफाईवाल्या ताईंनाही द्या.

तुमच्या मुलाला सगळ्यात आवडेल तो आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेचा सण, त्रुंग थू. हांग मा गल्ली कंदिलांनी भरून जाते आणि ढोलांच्या तालावर सिंहनाच होतो. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, बहुतेक वर्षी आपल्या नारळी पौर्णिमेच्या आसपास, वू लान हा आईवडिलांचं ऋण स्मरण्याचा सण असतो. त्या दिवशी पॅगोडात आई हयात असलेल्यांच्या छातीवर लाल गुलाब लावतात, नसलेल्यांच्या पांढरा. तुम्हालाही विचारतील, संकोच करू नका.

शाळेचं म्हणाल तर प्रवेशाची चौकशी आत्ताच सुरू करा. तेतच्या सुट्टीत शाळांची ऑफिसंही बंद असतात.