हात मोकळे असतात हो, मॅडम

"गाडी चालवताना हे फोनवर बोलतात, सांगून थकले." अशी तक्रार माझ्याकडे समुपदेशनात महिन्यातून एकदा तरी येतेच. त्यातलं एक जोडपं सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

नवरा नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत परचेस बघतो, वय पंचेचाळिशीतलं. संध्याकाळी त्र्यंबक रोडने घरी येताना त्याच्या गाडीचा धक्का एका सायकलवाल्याला लागला. खरचटण्यावर निभावलं. पण त्या रात्रीपासून बाईंची झोप उडाली आणि त्या नवऱ्याला जवळजवळ ओढतच घेऊन आल्या.

"मॅडम, मी ब्लूटूथवर बोलतो. हात मोकळे असतात. दंड हातात मोबाइल धरणाऱ्याला." कायद्याचं त्यांचं बरोबर होतं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीत हातात धरायच्या उपकरणाचाच उल्लेख आहे.

मी वाद घातला नाही. कागद पुढे केला आणि म्हटलं, तो चौक काढून दाखवा. त्यांनी दुभाजक काढला, कोपऱ्यावरची रसवंती काढली. सिग्नल कोणता होता? पेन थांबलं. सायकलवाला कुठून आला? "अचानकच आला." आणि फोनवर काय चाललं होतं? ते मात्र घडाघडा आलं: दूध दोन लिटर, कोथिंबीर, सोसायटीच्या मीटिंगला उशीर नको.

बाई पर्सची चेन उघडझाक करत होत्या. "फोन माझाच होता," त्या म्हणाल्या. "ब्रेकचा आवाज मला ऐकू आला. मग हे काही बोलेचनात."

झोप का उडाली होती ते तेव्हा कळलं.

डोळे उघडे असले तरी लक्ष दुसरीकडे असलं की समोरचं दिसत नाही. १९९९ साली सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी चेंडूचे पास मोजायला सांगून लोकांना एक चित्रफीत दाखवली. मधून गोरिलाच्या वेषातलं माणूस चालत गेलं, ते निम्म्या लोकांना दिसलंच नाही. शेजारी बसलेला माणूस गर्दी दिसली की बोलायचा थांबतो. फोनवरच्याला रस्ता दिसत नाही, तो कोथिंबिरीवरच असतो. आणि ताशी ५० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते.

हे ऐकून ते गप्प झाले, पण सवय अशी सुटत नाही. साहेबांचा फोन चुकला तर, ही धास्ती होतीच. म्हणून फोन डब्याच्या पिशवीत, पिशवी मागच्या सीटवर. आणि साडेसहा ते सव्वासात मिळणार नाही, असं ऑफिसात स्वतःच सांगून टाकायचं. पहिल्या दिवशी ११ वेळा हात खिशाकडे गेला, त्यांनी मोजलं होतं. साहेबांनी मात्र काही मनावर घेतलं नाही. बहुतेक वेळा घेत नाहीतच.

बाईंचं काम जास्त अवघड होतं. निघताना त्यांचा एक "निघालो" मेसेज, पुढे दाराची बेल वाजेपर्यंत काही नाही. चौथ्या भेटीत त्या सांगत होत्या, एकदा वीस मिनिटं उशीर झाला, तीनदा फोन उचलून ठेवला, शेवटी पावशेर मटार सोलून काढले.

"आणि हे आले ते कोथिंबीर विसरूनच."