थायरॉईडच्या गाठी आणि कॅन्सर खरंच इतके वाढलेत का?

तुम्ही लिहिलंय की आईच्या थायरॉईडमध्ये ९ मिलीमीटरची गाठ निघाली, सोसायटीत अजून तिघींना निघाल्यात, तर हे आयोडीनच्या मिठामुळे होतंय की मोबाईल टॉवरमुळे. मी पॅथॉलॉजीत आहे, गळ्यातल्या गाठीत सुई घालून काढलेल्या स्लाइड्स रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चौघींना निघाल्या याचं मला नवल नाही वाटलं. हाताला लागेल एवढी गाठ शंभरात पाचेक जणांनाच असते, पण तोच गळा सोनोग्राफीत बघितला तर साठीच्या आसपासच्या बायकांत जवळपास निम्म्या जणींना काही ना काही दिसतंच. त्यातल्या बहुतेक साध्या, कोलॉइडच्या, म्हणजे ग्रंथीतलाच चिकट द्रव साठून झालेल्या. शंभर गाठींत कॅन्सरच्या साधारण दहाएक, आणि त्यातही बहुतेक पॅपिलरी, म्हणजे सगळ्यात सौम्य, हळू वाढणारा. बायकांमध्ये तो पुरुषांच्या तिप्पट. पण पुरुषाची किंवा लहान मुलाची गाठ आली की मी जास्त वेळ स्लाइड बघते, कारण त्यांना गाठी कमी होतात पण झालीच तर कॅन्सर असायची शक्यता जास्त.

आता वाढलंय का, तर दक्षिण कोरियाचं बघा. तिथे १९९९ ला सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली, थायरॉईड त्यात नव्हताच, पण थोडे जास्तीचे पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफीपण करून द्यायला लागले आणि लोकांनी ती करून घेतली. २०११ पर्यंत थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं आणि मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले! म्हणजे रोग नव्हता वाढला, शोधणं वाढलं होतं. पण ऑपरेशनं तर झाली ना, बहुतेकांची अख्खी ग्रंथी काढली, जन्मभराची गोळी लागली, शंभरात अकरा जणांच्या थायरॉईडला चिकटलेल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉईड ग्रंथी निकामी होऊन कॅल्शियमचा त्रास मागे लागला, काहींचा आवाज गेला. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातल्या कितीतरी जणांना ती गाठ आयुष्यभर कळलीही नसती. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी उघडपणे सांगितलं की हे थांबवा, तेव्हा वर्षभरात ऑपरेशनं साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी झाली. फिनलंडमध्ये तर १९८५ ला दुसऱ्याच कारणांनी वारलेल्या १०१ लोकांच्या थायरॉईड बारीक कापून तपासल्या, तर छत्तीस जणांत बारीकसा पॅपिलरी कॅन्सर होता.

आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या कॅन्सर नोंदीत बायकांमध्ये थायरॉईड वरच्या दोन-तीनात येतो आणि आपल्या बार्शीच्या ग्रामीण नोंदीत अगदी मोजका. या फरकात सोनोग्राफी किती सहज मिळते याचा वाटा मोठा आहे असं माझं मत.

मिठाला दोष देऊ नका प्लीज. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामींनी आयोडीनचं मीठ देऊन बघितलं आणि गलगंड कमी झाला, त्यावरूनच १९६२ चा राष्ट्रीय कार्यक्रम आला. आयोडीन कमी असलेल्या भागात थायरॉईड कॅन्सरचे फॉलिक्युलर आणि अ‍ॅनाप्लास्टिक हे प्रकार जास्त दिसतात, मीठ पोचलं की त्यांचा वाटा घटतो आणि पॅपिलरीचा वाढतो, आणि ही अदलाबदल चांगलीच आहे कारण अ‍ॅनाप्लास्टिक फार भयंकर, काही महिन्यांत माणूस जातो. टॉवरचं म्हणाल तर थायरॉईडला घातक किरण वेगळे. १९८६ ला चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या स्फोटानंतर आयोडीन-१३१, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, गवतातून गाईच्या दुधात आलं, ते मुलं प्यायली आणि चार-पाच वर्षांत बेलारूस, युक्रेनच्या मुलांमध्ये पॅपिलरी दिसायला लागला. टॉवरमधून असलं काही बाहेर पडत नाही.

आईचं म्हणाल तर एक सेंटीमीटरच्या आतल्या गाठीला बहुतेक वेळा सुईसुद्धा लावत नाहीत, नुसती सोनोग्राफीवर नजर ठेवतात. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून इतक्या छोट्या, कॅन्सर ठरलेल्या गाठीही न कापता सांभाळल्या, दहा वर्षांत शंभरातल्या आठेकच तीन मिलीमीटर किंवा जास्त वाढल्या. मात्र आवाज बसला, गाठ भराभर वाढली, मानेत बाजूला दुसरी गाठ लागली, किंवा घरात कुणाला मेड्युलरी (थायरॉईड कॅन्सरचा घराण्यात चालू शकणारा प्रकार) झालेला असेल तर थांबू नका. आता रिपोर्ट काढून त्यावर टायरॅड्स (सोनोग्राफीवरून गाठ किती संशयास्पद आहे याचा आकडा) किती लिहिलाय आणि मानेतल्या लिम्फ नोड्सबद्दल, म्हणजे लसिकाग्रंथींबद्दल, काय म्हटलंय ते बघा, आणि ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी तो एखाद्या एंडोक्राइनच्या, म्हणजे हार्मोन-ग्रंथींच्या, डॉक्टरांना दाखवा.