इटलीसाठी म्युच्युअल फंड मोडायचा का?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय : त्या 54 वर्षांच्या, यजमान 58 चे, दोन वर्षांत निवृत्त होणार. घराचं कर्ज फिटलंय, मुलीचं लग्न झालंय. जूनमध्ये साडेसहा लाखांची एफडी मॅच्युअर होते. निवांत इटली बघायची, द्राक्षमळे हिंडायचे, चांगलंचुंगलं खायचं अशी फार वर्षांची इच्छा. पण 15 दिवसांच्या टूरचं कोटेशन आलं साडेनऊ लाखांचं. वरचे तीन लाख यजमान म्हणतात म्युच्युअल फंडातून काढू, एजंट म्हणतो कर्ज घ्या. की निवृत्तीनंतरच जावं?

ताई, जा. आणि याच वर्षी जा. पगार चालू असताना झालेला खर्च भरून काढता येतो. महिन्याला 25 हजार बाजूला टाकलेत, तर दोन वर्षांत सहा लाख परत उभे राहतील. निवृत्तीनंतर ही सोय उरत नाही.

पण ते तीन लाख कुठूनच आणू नका. फंडातले तीन लाख वर्षाला 10 टक्क्यांनी वाढले, तर दहा वर्षांनी पावणेआठ लाख होतात. तो पैसा तुमच्या सत्तरीचा आहे. पर्सनल लोन तर नकोच. तीन लाख 13 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर नुसतं व्याज 64 हजारांच्या घरात जातं आणि शेवटचं वर्ष निवृत्तीनंतर फेडावं लागतं.

मुळात ते कोटेशनच तुमच्या इच्छेचं नाही. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान, मध्ये दोन वायनऱ्या. यात निवांतपणा कुठे आहे? दर तिसऱ्या दिवशी बॅगा भरायच्या, आणि पैसा जातो तोही या धावपळीतच. त्यापेक्षा एकच भाग धरा. मी तुमच्या जागी असते तर वायव्य इटलीतल्या पिएमोंते प्रांतातलं लांगे, म्हणजे द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांचा भाग, निवडला असता. तोरिनो (ट्युरिन) शहराहून आल्बा या छोट्या शहरापर्यंत रेल्वे आहे, पुढे बारोलो किंवा ला मोर्रा गावात मुक्काम. वाइनची बरीच तळघरं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे गाडी भाड्याने घ्यायला नको. वाइन चाखून गाडी चालवायची तर तिथली मर्यादा रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोलची आहे, तो धोका पत्करूच नये.

आता हिशेब. 12 रात्री शेतावरच्या घरात, 120 युरोंनी 1,440. दोघांचं जेवणखाण दिवसाला 80 धरून 13 दिवसांचे 1,040. पाच ठिकाणी वाइन चाखणं, माणशी 40 प्रमाणे 400. प्रवास 700. एकूण 3,580 युरो, म्हणजे 105 च्या भावाने पावणेचार लाख. विमान दीड लाख, व्हिसा आणि विमा 40 हजार. सगळं मिळून पावणेसहाच्या आत, आणि हाताशी पाऊण लाख उरतात.

जेवणाला हात आखडू नका. दुपारी गावातल्या खानावळीत बसा. अंड्याच्या बलकात मळलेल्या ताज्यारिनच्या पिवळ्याधमक बारीक शेवया, वर लोणी आणि सेजची सुगंधी पानं, सोबत दोल्चेत्तो या तिथल्या लाल वाइनचा ग्लास. दोन तास तिथेच गेले तरी चालतील, त्यासाठीच तर जाताय. बारोलो गावाच्याच नावाची लाल वाइन मात्र चाखायलाच पुरे. किमान 38 महिने मुरवल्याशिवाय ती विकता येत नाही, त्यामुळे बाटली महाग पडते. परत येताना माणशी दोन लिटरच ड्युटी-फ्री, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या.

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा साधा. ऑक्टोबरपासून आल्बात पांढऱ्या ट्रफलची (जमिनीखाली उगवणाऱ्या महागड्या अळंबीची) जत्रा भरते आणि खोल्यांचे दर चढतात. तळघरांना आधी मेल करून वेळ घ्या. फॉरेक्स कार्ड (आधीच युरो भरून घेतलेलं कार्ड) जवळ ठेवा, आणि कार्डाच्या मशीनने 'रुपये की युरो' विचारलं तर युरोच दाबा.

आणि तुमची एफडी ऑटो-रिन्यूवर (मुदत संपताच आपोआप नव्याने सुरू होण्यावर) आहे का, ते बँकेत जाऊन आत्ताच बघा. तसं असेल तर जूनपूर्वी लेखी सूचना द्या, नाहीतर मुदतीआधी मोडल्याचा दंड बसू शकतो.