आउटबोर्डने (होडीमागच्या इंजिनाने) प्लास्टिकची पिशवी ओढल्यावर इम्पेलर नवीन टाकला, तरी गार करणाऱ्या पाण्याची पिचकारी बारीकच आणि दहा मिनिटांत परत तापल्याचा अलार्म, काय करू?

पहिलं मला सांगा, जुना इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) काढला तेव्हा त्याची पाती मोजली होती का? नसतील मोजली तर तुमचा प्रॉब्लेम बहुतेक तिथेच आहे.

वर्सोवा खाडीत ओहोटीला पिशव्या किती वाहत असतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पिशवी खालच्या जाळीवर चिकटली की पंपाला पाणी मिळत नाही आणि इम्पेलर कोरडा फिरतो, तो रबराचा, पाण्यावरच गार राहणारा, म्हणून थोड्याच वेळात घासून तापतो आणि पाती तुटतात. मग तुम्ही इंजिन वर उचलून पिशवी काढता, पाणी परत सुरू होतं, आणि तुटलेले तुकडे त्याच पाण्याबरोबर वर इंजिनात जाऊन बसतात. आता नवीन इम्पेलर कितीही चांगला असला तरी पुढचा रस्ताच बंद, तो तरी काय करणार.

मी स्वतः हेच करून बसलोय. नवीन इम्पेलर टाकला, मढहून खूश होऊन निघालो आणि वर्सोव्याच्या तोंडाशी अलार्म, मग इंजिन बंद करून वल्ह्याने घरी, वर भावाचे टोमणे वेगळे.

तर आधी सोपं बघा, इंजिन बंद ठेवून पिचकारीच्या भोकात जाड तंगूस (नायलॉनचा दोरा) घाला आणि मागेपुढे करा. पिचकारी म्हणजे मेन पाण्याची एक छोटी फांदी आहे, कधी कधी नुसती तीच मिठाने किंवा रेतीने भरते आणि आपण उगाच घाबरतो. पण तुमचा अलार्मही वाजतोय म्हणजे एवढ्यावर भागेल असं वाटत नाही.

मग इंजिन पूर्ण गार झाल्यावर थर्मोस्टॅट (तापल्यावर उघडून पाण्याला वाट देणारी झडप) काढा, माझा एक तुकडा तिथेच अडकला होता. थर्मोस्टॅट तपेल्यात गरम पाण्यात टाकून बघा, उघडत नसेल तर बदला, त्यात कंजुषी नको. मिठाचा थर असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून ठेवा. बाथरूमचं ॲसिड कोणी कितीही सांगितलं तरी आत ओतू नका, इंजिन ॲल्युमिनियमचं आहे, खाऊन टाकेल.

आता लोअर युनिट, म्हणजे पंप आणि पंख्याचा खालचा भाग, परत उतरवायचं (शिफ्ट रॉड, म्हणजे गिअरची दांडी, आधी सोडा) आणि थर्मोस्टॅटच्या भोकातून नळीने गोडं पाणी उलटं सोडायचं, म्हणजे जो कचरा खालून वर गेला तो वरून खाली येईल. खाली बादली धरा. जे रबर पडेल ते जुन्या इम्पेलरला लावून बघा, लहान मुलं चित्राचे तुकडे जुळवतात तसं, बहुतेक आउटबोर्डला सहा पाती असतात, सहाच्या सहा भरेपर्यंत सोडू नका. पंपाच्या वर जो पातळ पाइप जातो त्याच्या तोंडाशीही बघा.

परत बसवताना इम्पेलरला शाफ्टशी (फिरणाऱ्या दांड्याशी) अडकवणारी छोटी चावी पडू देऊ नका, पात्यांना साबणाचं पाणी लावा आणि शाफ्ट इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवत पंपाचं झाकण खाली दाबा म्हणजे पाती बरोबर बाजूला वळतील. मग दोनशे लिटरच्या ड्रममध्ये बुडवून न्यूट्रलला चालवून बघा, कोरडं एक सेकंदसुद्धा नको.

आणि 1 जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागून होडी वर ओढाल तेव्हा आधी असंच ड्रममध्ये गोडं पाणी फिरवा, नाहीतर दोन महिने आतलं खारं पाणी सुकून मीठ धरतं.

जुना इम्पेलर मेकॅनिककडेच राहिला असेल तर आजच जाऊन घेऊन या, उद्यापर्यंत तो कचऱ्यात गेलेला असेल.