आधी पगार हलवा, मग सही करा

"मॅडम, कर्जफेडीचा करार केला की बँक माझं खातं गोठवते का?" समोरचे गृहस्थ खुर्चीत नीट बसायच्या आतच विचारते झाले. थकलेली देणी कशी फेडायची हे बँकांशी ठरवून घेणारा हा करार; त्याचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. मी उलट विचारलं, "पगार कुठे जमा होतो?"

घोळ तिथेच होता. ज्या बँकेत पगार, त्याच बँकेचं वैयक्तिक कर्ज आणि क्रेडिट कार्ड दोन्ही थकलेलं. अशा वेळी बँक थकबाकीपोटी खात्यातली रक्कम परस्पर वळती करून घेऊ शकते. याला 'सेट-ऑफ' म्हणतात, आणि खातं उघडताना आपण न वाचता सह्या ठोकतो त्या अटींत तो हक्क बहुधा असतोच. करार व्हायच्या आधीच महिन्याचा पगार असा गेला, तर घरभाडं कशातून द्यायचं?

म्हणून म्हटलं, जिथे तुमचं काहीच देणं नाही अशा बँकेत साधं खातं उघडा. ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात पैसे नसतानाही उचल घ्यायची सोय, देऊ केला तरी घेऊ नका. ऑफिसात नवा खाते क्रमांक द्या, एक पगार तिथे पडलेला डोळ्यांनी बघा, मग सही.

"पण ही लपवाछपवी नाही का?" ते हळूच म्हणाले.

अजिबात नाही. नवं खातं करारात दाखवायचंच. लपवलंत तर करारच मोडू शकतो.

मग जुन्या खात्यातून काय काय आपोआप कापलं जातं ते बघायला स्टेटमेंट. त्यांनी 3 महिन्यांचं आणलं होतं, मी 13 महिन्यांचं काढायला लावलं. लाल पेनाने खुणा करता करता शेवटून दुसऱ्या पानावर विम्याचा वार्षिक हप्ता सापडला, पुढच्याच महिन्यात कापला जाणारा! 3 महिन्यांच्या कागदात तो दिसलाच नसता. कार्डावरून आपोआप जाणारी वर्गणी तर खात्याच्या ऑटो डेबिटच्या यादीत दिसेलच असं नाही. ती वेगळी शोधून त्या त्या कंपनीकडे किंवा कार्ड देणाऱ्या बँकेकडे थांबवावी लागते. घर तारण ठेवलेलं कर्ज अशा करारात सहसा धरत नाहीत, त्याचा हप्ता मात्र नव्या खात्यावर आठवणीने लावून घेतला.

जाता जाता दारातून वळून म्हणाले, "आणि बायकोबरोबरचं जॉइंट खातं?"

त्यात ओव्हरड्राफ्ट होता. म्हणजे त्या पूर्ण रकमेसाठी बँक बायकोच्याही मागे लागू शकते. पुढच्या भेटीला दोघांनी मिळून यायचं ठरलं.